बेहडाटोल्याचं कंट्रोल

बेहडाटोला आणि खैरटोला या आमच्या दोन गावांच्या मधून एक नाला जातो. नकाशात तो दिसत नाही. नकाशा काढणारा साहेब तो ओलांडायला गेला आणि नकाशासकट वाहून गेला, असं मी सांगतो. लोक म्हणतात असा साहेब कधी आलाच नव्हता. उन्हाळ्यात त्या नाल्यात बकरीचा खूर भिजत नाही. पण श्रावणात तो असा पळतो, की त्यात पडलेलं चंद्राचं बिंब थेट गोंदियात जाऊन निघतं आणि तिथले लोक ते आपलंच समजून ठेवून घेतात.

खैरटोल्यात कंट्रोल आहे. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला रेशनचं दुकान कोणी म्हणत नाही, कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलचं मीठ, आणि ते देणारा महागू, तो कंट्रोलवाला. आमच्या लेकरांना शाळेत जायच्या आधी दोनच शब्द येतात, एक आई आणि दुसरा कंट्रोल. महागूच्या दुकानातले उंदीर इतके माजले होते की बिळात मावत नसत. सडकेवर आडवे झोपत, आणि राजेगावची बस भोंगा वाजवून थकली की कंडक्टर खाली उतरून त्यांना हातानं बाजूला सारी. आमच्या गावचे उंदीर नाल्याच्या काठावर बसून पलीकडे बघत राहत. त्यांच्या शेजारी आम्ही.

माझ्या शेजारी राहणारा पुनाराम हा अंगानं सागाचं खोड होता, आणि डोकंही त्याच लाकडाचं. त्याची आई शेवंताबाई. तिचं कार्ड वेगळं, विधवेचं, त्यामुळे मशीनवर अंगठाही तिचाच लागे. मुलाचा चालत नसे. पुनाराम दर महिन्याला म्हातारीला खांद्यावर बसवून नाला ओलांडायचा. ती त्याचे केस दोन्ही मुठीत धरून वरून हुकूम सोडायची, "डावीकडं घे, मेल्या, तिकडं गोटा हाय!" पलीकडे पोचलं की महागू दुकानातून ओरडायचा, "आला रे आला, दोन मुंडक्यांचा गिऱ्हाईक!"

मग अंगठा. जन्मभर भाताची रोवणी करून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा चिखलात राहिल्या होत्या. मशीन लाल दिवा दाखवी. महागू म्हणे, "बुढे, धुऊन ये." ती धुऊन येई. "पुसून ये." पुसून येई. "आता उद्या ये." आणि पुनाराम पुन्हा तिला खांद्यावर घेई.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आपल्या गावात कंट्रोल. आई उंबरठ्यातून उठावी, आपल्या पायांनी जावी, पदरात तांदूळ घेऊन यावी. बालाघाटच्या कचेऱ्यांतले चपराशी त्याला लांबून ओळखत आणि तो दिसला की आतून कडी लावत.

अशात नेटवर्कवाले आले.

त्यांच्या जीपवर इतक्या विद्यापीठांची नावं लिहिली होती की नावांच्या वजनानं दार लागत नव्हतं. एक माणूस दोरीनं धरून बसलेला. पुढाकार अश्विन सरांचा, पुण्याकडचे, बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आधी चूळ भरून यावी. त्यांच्याबरोबर मयुरी नावाची नागपूरची पोरगी, पीएचडी करणारी. आमची बोली तिला समजायची, पण तांदूळ कुठून येतो विचारलं तर मोबाईलमधून येतो म्हणेल अशा घरातली.

बेहड्याच्या झाडाखाली दोन्ही गावं जमली. सर म्हणाले, "आम्ही अनेक विद्यापीठांचं एक नेटवर्क आहोत. छोट्या गावाचा कसबा कसा होतो, शहरांसाठी केलेलं धोरण अशा गावांना लागू पडतं का, याचा आम्ही अभ्यास करतो. आमच्या निष्कर्षांवर शासन पुढे योजना आखतं."

लोकांनी यातला नेटवर्क एवढाच शब्द उचलला. सगळ्यांनी मोबाईल काढून उंच धरले.

"टॉवर कुठं बसवता, साहेब?"

"माह्या घरामागं जागा हाय!"

"याच्या घरामागं नोका बसवू, याचा बैल मारतो."

टॉवर नाही हे समजवण्यात सकाळ गेली. मग सरांनी मुख्य गोष्ट सांगितली. दोन्ही गावं जुळ्यासारखी आहेत, तितकीच घरं, तसेच लोक, तशीच गरिबी. त्यातल्या एका गावाला तीन वर्षं एक गोष्ट मिळेल, दुसऱ्याला दुसरी. पक्षपात नको म्हणून ईश्वर-चिठ्ठी. सगळ्यांत वयानं मोठं कोण? शेवंताबाईला पुढे आणलं. ज्या हाताचा अंगठा मशीन मानत नव्हतं, तोच हात तिनं मडक्यात घातला आणि चिठ्ठी काढून सरांना दिली.

सरांनी मोठ्यानं वाचलं, "बेहडाटोला, कंट्रोल. म्हणजे खैरटोला, ट्रीटमेंट."

मग आमच्या गावानं अशी आरोळी ठोकली की बैहरच्या जंगलातल्या वाघानं तोंडातली शिकार खाली ठेवली. पुनाराम सरांच्या पाया पडला, मयुरीच्या पडला, जीपच्या पडला. ढोल आले. शेवंताबाईला लोकांनी उचलून झाडाभोवती फिरवलं. ती वरून विचारत होती, "काय झालं बाप्पा, कोण मेलं?"

"आई, कंट्रोल भेटलं! आपल्या गावाले कंट्रोल भेटलं!"

आणि खैरटोला? तिथले लोक पांढरे पडले. महागूनं हळूच विचारलं, "साहेब, ट्रीटमेंट म्हंजे?"

सर हसून म्हणाले, "सोप्या भाषेत, इलाज."

"पण आमाले झालं काय?"

"ते आम्ही मोजणार आहोत."

संध्याकाळपर्यंत खैरटोल्यात बातमी पक्की झाली की सरकारला नसबंदीची माणसं कमी पडली आहेत. गावातला एकूण एक पुरुष शेतातून, नाल्यातून, सागातून पळत सुटला तो पार बैहरपलीकडे. काही जण छत्तीसगडात सापडले. महागू कंट्रोलच्या पोत्यांमागे लपला होता. त्याला बायकोनं बाहेर ओढलं, "तुम्हाले कोण कापन, कापन्यासारखं हाय काय?"

पण आठवडा उलटला आणि खैरटोल्यात खांब उभे राहिले. खांबांवर दिवे लागले. सांडपाण्याच्या नाल्या बांधल्या, बाजाराचे ओटे झाले, वरून पत्रे झाले. पळालेले पुरुष रात्रीचा उजेड पाहून परत आले आणि असे मिरवू लागले जणू ते कधी गेलेच नव्हते.

आमच्याकडे काय आलं? मयुरी. हातात टॅबलेट घेऊन, दर पंधरवड्याला. घरोघरी प्रश्न. किती खाता, किती वेळा खाता, कालच्यापेक्षा आज बरं वाटतं का. पुनारामनं पहिल्याच खेपेला विचारलं, "बाई, आमी काय कराचं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "जसे आहात तसेच राहायचं. कंट्रोलमध्ये बदल झाला तर सगळं बिघडेल."

आता हे वाक्य तुम्ही पुनारामच्या कानानं ऐका. शासनाच्या प्रत्येक गोष्टीला अट असते. घरकुलाला असते, विहिरीला असते. कंट्रोल पाहिजे, तर तीन वर्षं गाव हलता कामा नये, ही अट. त्यानं गावसभा घेतली, आणि आमच्या गावानं हात वर केले.

त्या दिवसापासून बेहडाटोल्यात सुधारणा हा गुन्हा झाला. एकानं घराला सिमेंट मारलं, तर शेजाऱ्यांनी विळ्यांनी खरवडून काढलं आणि वरून शेण फासलं. धर्मेंद्रनं सुरतेहून मोटारसायकल आणली, ती त्याला तणसीच्या ढिगात पुरावी लागली. तो रोज तणसीत शिरून तिच्यावर बसून यायचा. एकाची बकरी तीन पिलं व्याली, तर दोन पिलं गुपचूप खैरटोल्याच्या हद्दीत सोडली. पंचायतीचे लोक नळाचा पाइप घेऊन आले. बालाघाटच्या इतिहासात पहिल्यांदा नळ आपण होऊन चालत आला होता, आणि पुनारामनं लाठी घेऊन त्यांना हाकललं.

"अबे, पानी है, पानी!" त्यांचा माणूस ओरडला.

"पहले कंट्रोल, फिर पानी!" आमचं गाव ओरडलं.

शाळेला दुसरा मास्तर मंजूर झाला, त्यालाही आम्ही सडकेवरूनच बस दाखवली. पोरं पास होऊ लागली असती तर कंट्रोल हातचं गेलं असतं.

मयुरी आली की सगळे पडलेला चेहरा करून ओसरीवर बसत. "कालच्यापेक्षा बरं?" "नाई बाई. कालच्यासारखंच." ती टॅबलेटवर बोट ठेवी आणि खूश होऊन जाई. इतकं शांत गाव तिच्या पुस्तकांत नव्हतं.

एका गोष्टीत मात्र पुनारामला राहवलं नाही. कंट्रोल येईल तेव्हा येईल, तोवर आईची फरफट काहून, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात त्यानं नाल्यावर सागाच्या बल्ल्या टाकल्या, वर फळ्या ठोकल्या, धरायला दोरी बांधली. एकट्यानं. पावसाळ्यात पाणी खालून गरजत गेलं आणि पूल जागचा हलला नाही. शेवंताबाई त्या पुलावरून आपल्या पायांनी पलीकडे गेली. किती वर्षांनी, तिलाच आठवत नव्हतं. महागूनं चार वेळा अंगठा धुवायला लावला, तिनं चार वेळा धुतला, आणि पदरात तांदूळ बांधून स्वतः चालत आली. फळ्यांच्या मधोमध थांबून तिनं खाली पाण्यात थुंकून घेतलं. "जाय आता गोंदियाले," नाल्याला म्हणाली.

दिवाळीनंतर अश्विन सर आले. पूल पाहून त्यांनी जीप थांबवली आणि कपाळाला हात लावला.

"हे कोणी केलं?"

पुनाराम छाती काढून पुढे आला. "मी, साहेब."

"खैरटोल्याचे दिवे, खैरटोल्याचा बाजार, सगळं या पुलावरून तुमच्याकडे गळत येणार. मग फरक कसा दिसायचा?"

"गळत काई नाई येत, साहेब. फक्त माही माय येते."

सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं म्हणाले, "हे बघा, पाडा असं मी म्हणणार नाही. आम्ही तसं कधीच म्हणत नाही, तुम्ही स्वतंत्र आहात. पण पूल राहिला, तर बेहडाटोला कंट्रोल राहणार नाही."

"कंट्रोल जाईन?"

"जाईल."

पुनाराम पुलाकडे बघत राहिला. मग घरी गेला, कुऱ्हाड घेऊन आला. शेवंताबाई काठावर उभी होती.

"काहून तोडून राह्यला रे, चांगला पूल?"

"आई, दोन वर्सं कळ काढ. मंग दुकान आपल्या घरासमोर."

"दोन वर्सं मी जगन काय?"

"न जगाले काय झालं तुले? मले मारता तं जोर येते."

ती हसली. बल्ल्या पाण्यात पडल्या आणि वाहत गेल्या. सरांनी मोबाईलमध्ये त्याचा फोटो घेतला, लोकसहभागाचा.

मयुरीला मात्र हे कुठंतरी खुपलं. तिनं म्हातारीला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, त्यानं पूल का तोडला? आम्ही तर काहीच देत नाही तुम्हाला."

"असं कसं बाई? कंट्रोल देऊन राह्यले ना. तांदूळ, मीठ, समदं घरीच भेटन. पोरगा जागा साफ करून राह्यला दुकानाले."

मयुरीनं म्हातारीचा हात सोडला. मग जीपकडे पळाली.

पुढचं मी जीपखालून ऐकलं. मी तिथं बकरी शोधत होतो. बकरी घरीच बांधलेली होती, ती गोष्ट वेगळी.

"सर, आपलं कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी काही न देता ठेवलेलं गाव, पण इथं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान! त्यांना वाटतंय आपण दुकान देणार!"

सरांनी हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणून इतके स्थिर आहेत होय."

"सांगायला हवं, सर."

"सांगितलंस तर काय होईल? नळ घेतील, पूल बांधतील, सगळं बदलेल. अकरा विद्यापीठांचा तीन वर्षांचा अभ्यास पाण्यात. आपण खोटं बोललो का? चिठ्ठीवर कंट्रोल लिहिलं होतं, तेच वाचलं. शब्दाचा अर्थ त्यांनी लावला."

"पण सर..."

"तुझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच गावावर आहे ना, मयुरी?"

ती रडली. माझ्या कानाजवळ तिची चप्पल हलत होती. थोड्या वेळानं नाक पुसून आत बसली आणि म्हणाली, "सर, काच वर घ्या. धूळ येते."

जीप माझ्यावरून गेली आणि मी तडक पुनारामकडे गेलो. सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाई जमली गोष्ट, काका. मागची बरी होती, थे वाघाच्या तिकिटाची. याच्यात वाघ नाई, भूत नाई. कोणाले खरी वाटन?"

"अरे खरीच हाय!"

"हौ, हौ. थ्या नकाशावाल्या साहेबासारखी." आणि दुकानाच्या जागेवरचे दगड वेचू लागला.

गावात सांगितलं तर गाव हसलं. धर्मेंद्र म्हणाला, "बुढ्याले महागूनं पाजली असन."

तिसऱ्या पावसाळ्यात नाला चढला. पण महिना संपत आला होता, आणि संपल्यावर त्या महिन्याचा तांदूळ बुडतो. पुनारामनं आईला खांद्यावर घेतलं. पाणी त्याच्या कमरेला होतं. पलीकडे महागूनं मशीन पुढे केलं, लाल दिवा लागला. धुतलं, पुसलं, पुन्हा लाल. बाजाराच्या नव्या पत्र्याखाली बसून खैरटोल्याचे लोक बघत होते.

"बुढे, अंगठा घरीच ठेवून आली काय?" महागू म्हणाला. सगळे हसले. "जा. उद्या ये."

"दादा, पाणी वाढून राह्यलं," पुनाराम म्हणाला. "आज दे. उद्या येता नाई येणार."

"मंग पोहाले शिकव मायले."

परत येताना पाणी पुनारामच्या छातीला लागलं. आम्ही अलीकडच्या काठावरून पाहत होतो. मधोमध म्हातारी वरून ओरडली, "डावीकडं घे!" त्यानं डावीकडं पाय टाकला आणि तिथं खाली काही नव्हतं. तो वर आला तेव्हा एका झाडाची मुळी त्याच्या हातात होती. डोक्यावर मुठी नव्हत्या.

पाणी उतरल्यावर ती खालच्या गावाजवळ बांधाला अडकलेली सापडली. अंत्ययात्रेला खैरटोल्याचेही लोक आले, तेवढी रीत आहे. महागूनं वाकून तिचा हात पाहिला. पुरानं तो असा स्वच्छ केला होता की जन्मभराचा चिखल निघून गेलेला.

"आता आला असता अंगठा," तो म्हणाला. चेष्टेनं म्हणाला की हळहळून, ते मला आजही सांगता येत नाही.

मयुरी समाचाराला आली. पुनारामसमोर बसून तिनं टॅबलेट उघडला, कारण उघडावाच लागतो. म्हातारीच्या नावापुढे घर सोडण्याची कारणं आली, विवाह, स्थलांतर, मृत्यू. तिनं तिसऱ्यावर बोट ठेवलं. मशीननं लगेच पुढचा हिशेब करून दाखवला. घरात एक तोंड कमी झालं, म्हणून माणशी धान्य वाढलं होतं. तीन वर्षांत बेहडाटोल्यात झालेली तेवढी एकच सुधारणा. तिकडे सर काळजीत पडले, म्हणे, कंट्रोल हललं.

पुनाराम तिला एवढंच म्हणाला, "बाई, आता तं कंट्रोल आणाच लागते. नाई तं माही माय फुकट गेली."

मयुरीनं टॅबलेट बंद केला आणि जीपकडे गेली.

अभ्यास संपल्यावर बालाघाटात मोठ्या हॉलमध्ये परिषद भरली. सगळ्या विद्यापीठांची माणसं, काजूची भाजी, थंड हवा. आमच्या दोन्ही गावांतले काही लोक मागे बसवले होते, पुनाराम पुढच्या रांगेत. पडद्यावर दोन रेघा आल्या. खैरटोल्याची रेघ वेलासारखी वर चढलेली. आमची रेघ मेलेल्या सापासारखी पडलेली, शेवटाकडे एक छोटा उंचवटा, ती शेवंताबाई. टाळ्या वाजल्या. एवढा फरक देशात कुठं दिसला नव्हता म्हणे. आता याच धोरणावर पुढच्या जिल्ह्यांचे कसबे उभे राहणार होते.

पुनारामला शाल दिली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणून माइक दिला.

"नमस्कार. जागा मी साफ करून ठेवली हाय. तराजू अन् मशीन कवा देता?"

हॉलमध्ये कोणाला काही समजलं नाही. सर उठायला लागले, पण मयुरी आधी उठली. तिच्या हातात आता पदवी होती, तिला कोणाची भीती उरली नव्हती. माइक घेऊन तिनं सगळं सांगितलं, चिठ्ठी, शब्द, पूल. आधी मागून एक जण हसला. मग हॉल हसला. मग त्यांना वाटलं हसू नये, आणि ते गंभीर झाले. एका बाईंनी डोळे पुसले. एका गृहस्थांनी शेजाऱ्याला सांगितलं की यावर वेगळा शोधनिबंध होईल, आणि शेजारी म्हणाला की तो आधी त्याला सुचला होता.

पुनाराम नारळ धरून उभा होता. त्यानं मान वळवून मागे माझ्याकडे पाहिलं. वाघ नसलेली गोष्ट त्याला आता पटली होती.

अश्विन सर त्याच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता हो, त्याला खरंच लाज वाटली होती. सगळ्यांसमोर म्हणाले, "पुनारामजी, आमची चूक झाली. दुसऱ्या टप्प्यात आम्ही शासनाला एक शिफारस करू शकतो, आणि आमची शिफारस आता टळत नाही. तुम्ही सांगा. रेशनचं दुकान हवं असेल तर तेच लिहितो. आत्ता, इथं."

आमच्या गावचे लोक उठून उभे राहिले. धर्मेंद्र ओरडला, "बोल ना पुन्या! कंट्रोल बोल!"

पुनारामनं खैरटोल्याच्या लोकांकडे पाहिलं. महागू नवीन सदरा घालून बसला होता, बाजूला त्याची आई सीताबाई. तिला त्यानं परिषद दाखवायला आणलं होतं, रिक्षातून.

"माही माय तं गेली," पुनाराम माइकमध्ये म्हणाला. "आता तांदूळ कोणाले नेऊ? मले दुकान नोको. खैरटोल्याले कंट्रोल करा."

"म्हणजे?"

"जसं आमचं गाव होतं, तसं. दिवे काढा, पत्रे काढा. दुकान काढा. अन् मंग मोजा."

मला वाटलं आता लोक त्याला शिव्या घालतील. आमच्या गावचे लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवू लागले. आपलं दुकान जातंय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. आलं असतं, तरी वाजवल्या असत्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचे डोळे चमकत होते. "दिलेल्या सोयी काढून घेतल्या तर गावाचं काय होतं," ते स्वतःशी म्हणाले, "हे कोणीच पाहिलेलं नाही."

सगळी विद्यापीठं एका मतानं हो म्हणाली.

खैरटोल्याचं दुकान राजेगावला जोडलं गेलं. आता दोन्ही गावं तांदळासाठी एकाच सडकेनं राजेगावला चालत जातात, एकमेकांशी न बोलता. मग दिवे काढायला माणसं आली. त्यांची शिडी पुनारामनं धरली, मजुरी न घेता, प्रत्येक खांबाशी. महागूनं हात जोडले, "भाऊ, एक तं ठेव, माय रात्री उठते." पुनाराम वरच्या माणसाला म्हणाला, "तो नट ढिला हाय का पाहून घेजा."

त्या संध्याकाळी आमचं सगळं गाव नाल्याच्या काठावर बसलं. बायका मुरमुरे घेऊन आल्या, कोणी सतरंजी आणली. तिन्हीसांजेला पलीकडे पहिल्यांदा दिवे लागले नाहीत. अंधार आधी त्यांच्याकडे पडला, मग आमच्याकडे, मग कोणता कोणाचा हे कळेनासं झालं. पलीकडून कोणाचं तरी लेकरू रडत होतं. आमच्यातल्या एकानं हसून टाळी मागितली, दुसऱ्याला ती अंधारात सापडली नाही.

"चला आता," मी म्हणालो, "काय दिसून राह्यलं इथून?"

"काई नाई दिसत," पुढच्या रांगेतून पुनाराम म्हणाला. "बसा ना, काका. आणखी जरासं पाहू."